निळ्या गोलांचा पडदा

कापड टाकायचं नाही हा पिशवीकाकूंचा एकच नियम, आणि तो त्या इतक्या हट्टाने पाळत की घरातल्या माणसांना अंगावरचे कपडे जपावे लागत. बाही जरा विरली की काकूंची नजर तिच्यावर गेलीच म्हणून समजा. पँटींच्या पिशव्या होत, चादरींच्या गोधड्या होत, आणि या दोन्हींतून जे उरे त्याची पायपुसणी. बरं, विकत असत्या तर गोष्ट वेगळी. "हौस आहे माझी, धंदा नाही," म्हणत त्या पिशवी समोरच्याच्या हातात कोंबायच्या, मग त्याच्याकडे आधीच्या चार पडलेल्या का असेनात. वसाहतीतल्या सगळ्या इमारती एकाच साच्यातल्या, एकाच मळक्या पांढऱ्या रंगाच्या, आणि त्यातल्या जवळजवळ प्रत्येक घरी दारामागे काकूंची एक पिशवी. काम मात्र पक्कं. बंद जिथे जोडायचा तिथे त्या एक चौकोन शिवायच्या आणि त्या चौकोनात फुली मारायच्या. कापड जाईल पण बंद सुटणार नाही, अशी त्यांची ख्याती होती.

काकांनी जन्मभर विजेचे मीटर वाचले. लोक त्यांना मीटरकाकाच म्हणत. गावातलं एक दार त्यांनी सोडलं नव्हतं. कुणाचं मीटर जिन्याखाली, कुणाचं दाराच्या वर, कुणाच्या घरी कुत्रं बांधायला सांगावं लागतं, सगळं तोंडपाठ. अशा माणसाला निवृत्तीनंतर आपल्याच घरातला साखरेचा डबा सापडेना झाला तेव्हा काकूंना पहिल्यांदा भीती वाटली. आधी डबा, मग शेजाऱ्यांची नावं, मग नुकतंच जेवलो की जेवायचंय हे. आणि एके दिवशी फिरायला म्हणून गेले ते थेट डेपोत सापडले. उभ्या बसमध्ये खिडकीशी बसून होते, बस कधी सुटते याची वाट बघत.

त्या वेळी मुलगा धावत आला होता. तो दुसऱ्या शहरात असायचा. चांगला मुलगा, उगाच कशाला नावं ठेवा, पण घाबरला की हुकूम सोडायची त्याला सवय. त्याने एक निवासगृह शोधून ठेवलं होतं आणि काकूंना दाखवायलाही नेलं होतं. लांबलचक दालन, दोन्ही बाजूंना खाटा, प्रत्येक खाटेवर तेच राखी ब्लँकेट, तीच उशी. काकूंनी एक फेरी मारली आणि म्हणाल्या, "इथे हे गेले तरी आधी कुठल्या खाटेवर गेले ते शोधावं लागेल." मुलगा हसला नाही. परतताना गाडीत तो म्हणाला, "आई, या वेळी तुझं ऐकतो. पण बाबा पुन्हा एकदा हरवले, तर मी विचारायला येणार नाही, न्यायला येईन."

त्या दिवसापासून काकूंच्या जिवाला तेवढीच एक काळजी होती. हा माणूस आपल्या घरात राहिला पाहिजे, बस. त्यांनी काकांच्या प्रत्येक शर्टाच्या कॉलरमागे कापडाची पट्टी शिवली, त्यावर दोऱ्याने पत्ता आणि फोन नंबर. काका चिडले. "मी काय बालवाडीतला पोरगा आहे?" म्हणाले. फिरायला जाणं बंद करायचं तर ते ऐकेनात, आणि सोबत जावं तर काकूंचे गुडघे दोन जिने उतरतानाच जाब विचारत. शेवटी ठरलं की वसाहतीच्या बागेला फेरी मारायची आणि परत यायचं, फाटकाबाहेर पाऊल टाकायचं नाही.

आणि नवल असं की काका रोज परत येऊ लागले. महिने गेले, एकदाही चुकले नाहीत. सकाळी जायचे, वेळेवर दारात हजर. काकूंना वाटलं डॉक्टरांची गोळी लागू पडली. कधी वाटायचं आपल्या पट्टीचाच धाक. मुलाला फोनवर त्या ऐटीत सांगायच्या, "तू उगाच घाई करत होतास."

मग मुलगा आणि सून चार दिवस राहायला आले. सुनेला घरातलं बाकी सगळं चाललं, पण बाहेरच्या खोलीचा पडदा बघवेना. तसा तो काकूंनाही कधी आवडला नव्हता. हळदी रंग आणि त्यावर ताटाएवढे निळे गोल. संसार नवा असताना काकांनी हौसेने आणलेलं कापड. काकूंनी तेव्हाच "सर्कशीचा तंबू" म्हणून त्याची संभावना केली होती आणि तरी शिवून टांगला होता, कारण आणणाऱ्याचा चेहरा बघवला नसता. आता तो उन्हाने विटला होता. सुनेने दुकानातून तयार राखी पडदा आणला. वसाहतीतल्या अर्ध्या खिडक्यांना तोच होता, सगळ्यांनी एकाच सेलमध्ये घेतलेला. काकूंनी वरवर आढेवेढे घेतले, पण खरं सांगायचं तर जुना पडदा खाली आला तेव्हा त्यांच्या हातात कात्री आधीपासूनच होती.

काका खिडकीपाशी येऊन उभे राहिले. राखी पडद्याला त्यांनी हात लावून पाहिला.

"हे काय?"

"नवा पडदा. सुनेने आणलाय."

"आणि आपला?"

"पिशव्या बेततेय त्याच्या. मोठा पन्हा आहे, पाच निघतील."

"सगळ्याच्या?" काकांनी विचारलं.

"मग अर्धा ठेवून काय करू?" काकू हसल्या. काका खुर्चीवर जाऊन बसले आणि बराच वेळ हाताची बोटं चोळत राहिले. हे काकूंना दिसलं होतं. नंतर त्यांना सगळ्यात जास्त छळलं ते यानेच, की दिसलं होतं आणि आपण मशीनला तेल घालत बसलो.

पाच पिशव्या झाल्या. एकीवर तर अख्खा गोल नेमका मधोमध आला, ती सगळ्यात देखणी. काकूंनी ती खाली औषधांचं दुकान चालवणाऱ्या बाईला दिली, बाकीच्या इमारतीत वाटल्या. मुलगा घरी होता तोवर बापाबरोबर तोच फेरीला जायचा. मग तो आणि सून गेले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काका एकटे खाली उतरले.

चहा दोनदा गरम झाला. काकू खिडकीत आल्या, राखी पडदा बाजूला करून बघितलं, बाग रिकामी. गुडघ्यांकडे दुर्लक्ष करून त्या खाली गेल्या. माळ्याने काकांना बघितलं होतं. "फेऱ्या मारत होते," तो म्हणाला, "पण आज वर तोंड करून. एकेका बिल्डिंगसमोर उभे राहायचे, वर बघायचे, पुढे जायचे. मला वाटलं कुणाची वाट बघतायत."

औषधवालीने दुकान नोकरावर सोडलं आणि ती काकूंबरोबर फिरली. प्रत्येक इमारतीचे जिने, बागेमागची पाण्याची टाकी, फाटकाबाहेरचा रस्ता, डेपो. कुठेच पत्ता नाही. काकूंनी मनाला समजावलं की पट्टी आहे, कुणी ना कुणी वाचेल. घरी येऊन त्यांनी सहज काकांचा खण उघडला, तर आत काकूंचंच टाके उसवायचं हत्यार, आणि शेजारी पत्त्याच्या सगळ्या पट्ट्या नीट एकावर एक रचलेल्या. टाके इतके सफाईने उसवले होते की एकाही कॉलरला भोक नव्हतं. काकू पलंगावर बसल्या. त्यांना राग आला, आणि रागाच्या मागोमाग भीती आली.

"पोलिसात जाऊ या काकू," औषधवाली म्हणाली. "आणि मुलाला फोन करा."

"जरा थांब."

"अहो, किती थांबायचं?"

"मुलाला कळलं तर तो त्यांना घेऊन जाईल," काकू म्हणाल्या. "जरा थांब म्हणते ना."

आपण काय बोलतोय हे त्यांना कळत होतं. माणूस रस्त्यावर आहे आणि आपण तो मुलापासून लपवतोय. पण जीभ दुसरं काही बोलायला तयार नव्हती.

औषधवालीने पुढचं काही म्हणायच्या आत तिचाच फोन वाजला. तिने ऐकलं, "काय?" म्हणाली, पुन्हा ऐकलं आणि काकूंकडे बघू लागली. फोन तिच्या मैत्रिणीचा होता, बाजारापलीकडच्या बेकरीत काम करणाऱ्या बाईचा. औषधवाली जरा ओशाळली, कारण काकूंची ती देखणी पिशवी तिने या मैत्रिणीला देऊन टाकली होती. बेकरीवाली विचारत होती, ही पिशवी कुणी शिवलेली? कारण एक म्हातारे गृहस्थ तिच्या घरात येऊन बसले होते, पिशवीवरची नजर काढत नव्हते आणि उठायला तयार नव्हते.

रिक्षात औषधवालीने सगळं सांगितलं. बेकरीवाली सकाळची पाळी संपवून घरी निघाली तेव्हा खांद्याला पिशवी होती. बाजारापाशी हे गृहस्थ मागे लागले. ती भराभर चालली तर हेही भराभर. ती घाबरून घरात शिरली, तर ते मागोमाग आत आले, चपला काढून भिंतीशी जोडून ठेवल्या, दारावरच्या मीटरकडे बघून मान हलवली आणि खुर्चीत बसून म्हणाले, "चहा टाक गं, आज फार चाललो." तिच्या आईने म्हटलं, बसू दे बाई, चोर दिसत नाही, थकलेला दिसतो. मग त्यांनी चहा दिला.

काकूंचा जीव भांड्यात पडला. वाटेत त्या देवापेक्षा स्वतःच्या शिवणकामालाच जास्त नमस्कार करत होत्या. बघा, पिशवीनेच माणूस शोधून दिला. मुलाला कळायचं कारण नाही. औषधवाली बोलणार नाही, घरातली गोष्ट घरात राहील.

बेकरीवालीचं घर म्हणजे दीड खोली. काका खुर्चीत होते आणि दारामागे खिळ्याला पिशवी लटकत होती, हळदी, मधोमध निळा गोल. काकू दारात उभ्या राहिल्या. तोंडावर चार शब्द तयार होते, कुठे कुठे शोधलं, काय ही तऱ्हा. काकांनी मान वर केली आणि ते अदबीने खुर्चीत थोडे सरळ झाले.

"या, बसा ना," ते म्हणाले. "आमची ही येईलच एवढ्यात."

काकूंना वाटलं ते थट्टा करतायत. जन्मभर करत आलेले. म्हणून त्या थोडं हसल्या आणि थांबल्या. काका मात्र परक्या बाईकडे बघावं तसे बघत होते, नजरेत आदर होता आणि ओळख नव्हती.

औषधवाली काही बोलणार होती, काकूंनी तिला हाताने थांबवलं. समोरच्या स्टुलावर बसून त्यांनी विचारलं, "हे तुमचं घर का?"

"हो तर."

"कशावरून?"

काकांनी इकडेतिकडे बघितलं आणि पुढे वाकून आवाज खाली आणला. "तुम्ही कुणाला सांगणार नाही ना? तिला तर अजिबात नका सांगू. मला घराचा नंबर आठवत नाही. इमारतही आठवत नाही. सगळ्या सारख्याच आहेत हो. मग मी एक युक्ती केली. वर बघत चालायचं. जिथे निळे गोल दिसतील तिथे जिना चढायचा. कधी चुकत नाही." त्यांनी एकदा दाराकडे बघितलं. "आज दिसेनात. फार फिरलो. मग हे दिसलं, चाललेलं." त्यांनी दारामागच्या पिशवीकडे बोट दाखवलं. "म्हटलं, चला, घर सापडलं."

"मग बायकोला सांगायचं ना, की नंबर आठवत नाही म्हणून."

"नको," काका म्हणाले. "ती घाबरते. तिला वाटतं मी बरा होतोय."

काकू जमिनीकडे बघत राहिल्या. गोळीही नव्हती आणि पट्टीही नव्हती. इतके महिने हा माणूस एका पडद्याच्या आधाराने घरी येत होता, आणि तो पडदा त्यांनी मोठ्या हौसेने, तोंडात टाचण्या धरून, पाच ठिकाणी कापला होता. रडायचं तरी कुणासमोर, हे सगळे परके. त्यातला एक तर लग्नाचा नवरा.

काका निघेनात. "हिची चुकामूक होईल," एवढंच म्हणत होते. शेवटी बेकरीवालीने खिळ्यावरची पिशवी काढून काकूंच्या हातात दिली. "न्या मावशी," ती म्हणाली. "मी दुसरी घेईन." काकूंनी पिशवी खांद्याला लावली आणि त्या दाराबाहेर पडल्या. काका लगेच उठले, चपला घातल्या आणि त्यांच्या मागे चालू लागले. रिक्षात बसायला ते तयार झाले नाहीत. म्हणून तो सगळा रस्ता काकू पुढे, खांद्यावर निळा गोल, आणि काका मागे. गुडघे ठणकत होते. एकदा त्यांनी मुद्दाम पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली, तर काकाही रस्त्याच्या त्या बाजूला सरकले. मग त्यांनी मागे वळून बघायचं सोडून दिलं.

मुलाला फोन केला नाही. त्यांना अजून वाटत होतं की आपण बिघडवलं ते आपण दुरुस्त करू. दुसऱ्या दिवशी त्यांनी दारोदार जाऊन पिशव्या परत मागितल्या. दिलेली वस्तू मागायची लाज वाटली, पण मागितली. कुणी त्यात बटाटे भरले होते, कुणी औषधाच्या बाटल्या. सगळ्या उसवल्या. बंदाच्या फुल्या उसवताना नखं दुखली. इतकं पक्कं कशाला शिवायचं माणसाने, असं आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या मनात आलं. मग तुकडे जुळवून पडदा पुन्हा शिवला. पण कापलेलं कापड जोडायचं तर दोन्हीकडचं थोडं शिलाईत जातंच. गोलाला गोल भिडेना. कुठे चिमटा काढल्यासारखे आत ओढले गेले, कुठे अर्धे वर अर्धे खाली. काकूंनी तो इस्त्री करून खिडकीला टांगला आणि काकांचा हात धरून त्यांना खाली नेलं.

बागेच्या कडेला उभं राहून त्यांनी विचारलं, "आपलं घर कुठलं सांगा बघू."

काकांनी वर बघितलं. एकेक खिडकी बघत ते त्या खिडकीपाशी आले आणि थांबले. काका बराच वेळ बघत होते.

"जवळपास तसंच आहे," ते शेवटी म्हणाले. "पण हे नाही. आमचे गोल गोल आहेत." आणि पुढच्या इमारतीकडे चालू लागले.

काकूंनी त्यांना धरून घरी आणलं, जेवू घातलं, निजवलं आणि मग स्वतःच मुलाला फोन केला. सगळं सांगितलं, पडद्यासकट. मुलगा एका शब्दानेही रागावला नाही. तो रागावला असता तर बरं झालं असतं, असं काकूंना वाटलं.

तो यायच्या आत त्यांना एक काम उरकायचं होतं. ते दालन त्यांच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हतं, त्या सारख्या खाटा, ती सारखी राखी ब्लँकेटं. त्यांनी पडदा पुन्हा उसवला. या वेळी घाई केली नाही. प्रत्येक निळ्या गोलावर वाटी ठेवून तिच्याभोवती खडूने रेघ मारली आणि बिघडलेल्या कडा सोडून आतला भाग कापून घेतला. गोल लहान झाले, पण गोल झाले. हळदी तुकड्यांची गोधडी बेतली, आत काकांचे जुने शर्ट घातले आणि वर एकेक गोल हाताने शिवला. टाके इतके बारीक घातले की टाका दिसेनासा व्हायचा. त्यात डोळ्यांचाही थोडा हात होता, ते सारखे भरून येत होते.

काका गेले तेव्हा मुलाच्या गाडीत मुकाट बसले. गोधडी मांडीवर होती.

निवासगृहात काकूंना पहिल्यांदा भेटू दिलं तेव्हा तिथली ताई दारातच म्हणाली, "तुमचे काका शहाणे हो. बाकीच्यांची खाटेवरून रोज भांडणं. हे कधी चुकत नाहीत."

दालनात सगळं राखी होतं आणि पलीकडच्या टोकाला एक खाट हळदी होती. काकूंना शोधावं लागलं नाही. काका कडेला बसले होते. त्यांनी काकूंना बघितलं आणि सरकून जागा केली.

"बसा. ही गोधडी आमच्या हिने शिवलीय."

"छान आहे."

"कापड मी आणलेलं. पडदा होता याचा. तिला मुळीच आवडला नव्हता, सर्कशीचा तंबू म्हणायची." काका हसले आणि एका गोलावरून बोट फिरवू लागले. "पण माझ्यासाठी कधी काढला नाही हो तिने."

काकूंना खरं काय ते सांगावं असं क्षणभर वाटलं, पण ते ऐकायला समोर कुणी नव्हतं.

"ती यायचीच आहे," काका म्हणाले. "तुम्हाला घाई नसेल तर थांबा. भेट होईल."

"थांबते," काकू म्हणाल्या.

खिडकीतून गार हवा येत होती. काकांनी गोधडीचं एक टोक उचलून परक्या बाईच्या गुडघ्यांवर टाकलं आणि दोघं दाराकडे बघत बसले.